मिस्सातील कॉयरचे काम : प्रत्येक गाण्याचा मानकरी वेगळा

आपण नुकतीच आपल्या कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कॉयरची, म्हणजे गायकवृंदाची, सूत्रे हाती घेतली आहेत आणि आपल्यासमोर तीन अडचणी आहेत. ज्येष्ठ गायकांना चार आवाजांतील रचना गायच्या आहेत, तर काही भाविकांची तक्रार अशी की कॉयर गाऊ लागला की त्यांना नुसते ऐकत उभे राहावे लागते. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे कॉयरने एकट्याने गाऊ नये असे धर्मगुरूंनी सांगितल्यामुळे सदस्य नाराज आहेत. शिवाय जे निष्ठेने येतात पण सुरात गात नाहीत, त्यांचे काय करावे हे आपल्याला ठरवता येत नाही. उत्तर थोडे लांबेल, कारण पहिल्या दोन अडचणींचे मूळ एकच आहे आणि ते नीट उलगडल्याशिवाय नुसत्या सूचनांचा उपयोग होत नाही.

कॉयर विरुद्ध भाविक असा वाद मांडला जातो तेव्हा दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मिस्सातील (भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याच्या कॅथलिक उपासनेतील) सगळे गायन एकाच जातीचे आहे आणि ते कुणाच्या तरी एकाच्या वाट्याला जायचे आहे. रोमन उपासनाविधीची रचना तशी नाही. त्यात प्रत्येक गाण्याचा मानकरी विधीनेच ठरवून दिलेला आहे. काही भाग धर्मगुरू आणि समुदाय यांच्यातील संवादाचे आहेत, काही सर्वांनी एकत्र म्हणायचे आहेत, एक भाग स्तोत्रगायकाचा आहे, काही ठिकाणी कॉयर आणि समुदाय आळीपाळीने गातात, आणि काही ठिकाणी कॉयरला एकट्यानेही गाण्याची पूर्ण मुभा आहे. कॉयर चालवणाऱ्याला स्वरज्ञान हवेच. पण त्याआधी, या घटकेला गाण्याचा मान कुणाचा आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

हा विचार माझा नाही. कॅथलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेचे पवित्र उपासनेविषयीचे संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित झाले. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात सांगितले आहे की उपासनेत प्रत्येकाने, मग तो सेवक असो वा सामान्य भाविक, आपल्या वाट्याचे सर्व करावे आणि आपल्या वाट्याचेच करावे. लगेच पुढच्या कलमात वेदीसेवक आणि वाचक यांच्या जोडीने कॉयरच्या सदस्यांचा उल्लेख येतो आणि ते खरीखुरी उपासनासेवा बजावतात असे स्पष्ट म्हटले जाते. म्हणजे कॉयर हा शोभेसाठी बोलावलेला वाद्यवृंद नाही आणि भाविकांच्या वतीने गाणारा मुखत्यारही नाही. ११४व्या कलमात तर कॉयरची, विशेषतः कॅथेड्रलमधील कॉयरची, काळजीपूर्वक जोपासना करावी अशी आज्ञा आहे. आणि त्याच कलमात, गायनासह होणाऱ्या प्रत्येक उपासनेत संपूर्ण समुदायाला आपला सहभाग देता यावा याची दक्षता बिशपांनी व धर्मगुरूंनी घ्यावी, असेही बजावले आहे. परिषदेने कॉयर मोडीत काढले असे सांगणारे आणि परिषदेने कॉयरला मान दिला असे सांगणारे, दोघेही या एकाच कलमाचा निम्मा भाग वाचत असतात.

त्यानंतर ५ मार्च १९६७ रोजी पवित्र संगीतावरील सविस्तर सूचना प्रसिद्ध झाली. मिस्सातील सगळे गायन, दिवसानुसार बदलते भाग आणि प्रत्येक मिस्सात त्याच शब्दांचे असणारे कायमचे भाग असे दोन्ही, एकट्या कॉयरकडे सोपवून समुदायाला पूर्णपणे बाजूला ठेवण्याची प्रथा तिने नापसंत केली. मात्र कॉयरच्या टीकाकारांनी त्याच सूचनेतील आणखी एक मुद्दा लक्षात घ्यावा. भाविकांचा सहभाग प्रथम अंतःकरणातला असतो, आणि सेवक किंवा कॉयर जे गातात त्याच्याशी मनाने एकरूप होऊन ऐकणे हादेखील सहभागच आहे, हे तिथे मान्य केलेले आहे. वाचन चालू असताना सगळे गप्प बसतात म्हणून कुणी त्यांना निष्क्रिय म्हणत नाही. अर्थात, तासभर फक्त ऐकावे लागत असेल तर भाविकांची तक्रार खरी आहे.

ही तक्रार आजची नाही. पुरातन रोममध्ये पोपच्या मिस्सासाठी प्रशिक्षित गायकांची शाळा होती. पुढे शतकानुशतके ग्रेगोरियन गायन (लॅटिनमधील एकस्वरी चर्चगायन) आणि नंतर बहुस्वरी रचना (ज्यांत वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या चाली एकत्र गातात) इतक्या विकसित झाल्या, आणि लॅटिन भाषा सामान्य माणसापासून इतकी दूर गेली, की गायन हे जवळजवळ पूर्णपणे गायकांचेच काम होऊन बसले. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) चर्चमधील संगीतातून अशुद्ध व उच्छृंखल गोष्टी काढून टाकण्यास सांगितले, तरी समुदायाच्या गळ्याचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला नाही. तो आणला पोप दहाव्या पायस यांनी. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, त्यांनी काढलेल्या आदेशात ग्रेगोरियन गायन लोकांच्या ओठी पुन्हा यावे असा आग्रह आहे. त्याच आदेशाने स्त्रियांना मात्र कॉयरमधून वगळले होते, कारण गायकांचे काम हे खरे उपासनापद आहे आणि ते स्त्रियांना देता येत नाही, असा तेव्हाचा युक्तिवाद होता. पोप बाराव्या पायस यांनी १९५५ साली काही अटींवर स्त्रियांना मुभा दिली आणि १९६७च्या सूचनेत स्त्रियांचा समावेश असलेल्या कॉयरला जागा मिळाली. आज बहुतेक धर्मग्रामांतील कॉयर स्त्रियांच्या आवाजावर उभे असतात, त्यामुळे जुन्या परंपरेचा हवाला देणाऱ्यांना हा इतिहास अधूनमधून सांगावा लागतो.

आता प्रत्यक्ष मिस्साकडे येऊ. रविवारची तयारी करताना बहुतेक कॉयर प्रथम चार गाणी निवडतात: प्रवेशाचे, अर्पणाचे, कम्युनियनचे (भाविक प्रभूचे शरीर म्हणून पवित्र भाकर स्वीकारतात त्या वेळचे) आणि समाप्तीचे. वेळ उरला तर मग बाकीच्या भागांचा विचार होतो. १९६७च्या सूचनेने लावलेला क्रम याच्या जवळजवळ उलटा आहे. तिने गायनाच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर धर्मगुरूंचे अभिवादन व त्याला समुदायाचे उत्तर, शुभवर्तमानाच्या वेळचे जयघोष, स्तवनापूर्वीचा संवाद (स्तवन म्हणजे युखारिस्त प्रार्थनेच्या, भाकर व द्राक्षारसावरील मुख्य प्रार्थनेच्या, आरंभीची स्तुती), ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, त्या प्रार्थनेच्या शेवटचे महास्तवन व त्यावरील आमेन, आणि प्रभूची प्रार्थना हे भाग येतात. ‘हे प्रभो, दया कर’, गौरवगीत, विश्वासांगीकार आणि ‘हे देवाच्या कोकरा’ हे दुसऱ्या पायरीवर आहेत. प्रवेशगीत, अर्पणगीत आणि कम्युनियनगीत तिसऱ्या पायरीवर आहेत. पहिली पायरी एकटी चालते, परंतु दुसरी किंवा तिसरी पहिलीवाचून वापरू नये, असा नियमही तिथे आहे. रोमन मिस्सा ग्रंथाच्या प्रारंभीचे सर्वसाधारण निर्देश, ज्यांची सुधारित आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध झाली, तेही गायनासाठी भाग निवडताना अधिक महत्त्वाच्या भागांना, आणि त्यातही धर्मगुरू व समुदाय यांच्यातील संवादांना, प्राधान्य द्यायला सांगतात. ज्या मिस्सात चारही गाणी दणक्यात होतात पण महास्तवनावरील आमेन पुटपुटले जाते, तिथे कॉयरची मेहनत खरी असते, फक्त ती चुकीच्या जागी खर्च झालेली असते.

आपल्या दुसऱ्या अडचणीचे उत्तर यात आलेच आहे. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हा धर्मगुरूंसह संपूर्ण समुदायाचा जयघोष आहे, आणि सर्वसाधारण निर्देशांत त्याचा मानकरी दुसरा कुणी नाही. स्तवनाच्या अखेरीस धर्मगुरू देवदूत आणि संत यांच्या आवाजात आपला आवाज मिसळण्याचे आवाहन सर्वांना करतात. त्यानंतर जर पंधरा माणसांनी तीन मिनिटांची रचना सादर केली आणि बाकीचे ऐकत राहिले, तर ज्यांना बोलावले त्यांनाच गप्प केल्यासारखे होते. धर्मगुरूंचे म्हणणे बरोबर आहे. याचा अर्थ कॉयरने तिथे फक्त एकस्वरात गावे असा नाही. समुदायाला चाल पाठ असेल, तर सोप्रानो व टेनर (स्त्रियांचे व पुरुषांचे उंच आवाज) यांनी चाल धरून ठेवावी आणि आल्टो व बास (त्यांचे खालचे आवाज) यांनी आपापल्या स्वरांनी ती भरदार करावी. समुदायाला आपली चाल ऐकू येत राहिली पाहिजे, एवढीच मर्यादा.

गौरवगीताची गोष्ट वेगळी आहे. धर्मगुरू, एखादा गायक किंवा कॉयर त्याची सुरुवात करतो आणि पुढे ते सर्वांनी मिळून, समुदाय व कॉयर यांनी आळीपाळीने, किंवा कॉयरने एकट्याने गायले तरी चालते. ‘हे प्रभो, दया कर’ सर्वसामान्यपणे सर्वांचे आहे, पण त्यात कॉयरचा किंवा एका गायकाचा वेगळा वाटा असतो. ‘हे देवाच्या कोकरा’ ही विनवणी भाकर मोडण्याच्या विधीसोबत चालते. ती कॉयर किंवा गायक सुरू करतो, समुदाय उत्तर देतो, आणि विधी संपेपर्यंत ती हवी तितक्या वेळा म्हणता येते. म्हणून वेदीकडे पाहणारा एक डोळा कॉयर मास्टरला हवाच. ध्वनिमुद्रित संगीत लावून त्यावर गाणाऱ्यांची अडचण नेमकी इथे होते: यंत्राला वेदीवर काय चालले आहे ते दिसत नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. या कायमच्या भागांचे शब्द बदलता येत नाहीत. गौरवगीताच्या जागी ‘गौरव’ हा शब्द असलेले एखादे भक्तिगीत, किंवा ‘हे देवाच्या कोकरा’च्या जागी मिळत्याजुळत्या आशयाचे गाणे म्हणणे निर्देशांना मान्य नाही, मग ते गाणे कितीही लोकप्रिय असो. शांतीचे चिन्ह देताना म्हटल्या जाणाऱ्या ‘शांतिगीता’बद्दलही असेच आहे. उपासनाविषयक रोमन मंत्रालयाने २०१४ साली पाठवलेल्या पत्रात, रोमन विधीत असे गीत अस्तित्वातच नाही आणि ते घालू नये, असे स्पष्ट केले. ते गाणे लांबले की ‘हे देवाच्या कोकरा’ घाईत उरकले जाते किंवा गाळले जाते, आणि ज्या विधीला खरोखर स्वतःचे गाणे आहे तो मुका राहतो.

स्तोत्राकडे बहुतेक कॉयरचे दुर्लक्ष असते, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते. पहिल्या वाचनानंतरचे प्रतिसाद स्तोत्र हा प्रभुशब्द विधीचा अविभाज्य भाग आहे. दोन वाचनांमधील मोकळी जागा भरण्यासाठी ते तिथे ठेवलेले नाही; ते स्वतःच बायबलमधील वाचन आहे, फक्त ते गायचे असते. म्हणून त्याच्या जागी ‘साधारण त्याच अर्थाचे’ भक्तिगीत बसत नाही. त्याचा मानकरी स्तोत्रगायक असतो. तो वाचनपीठावरून किंवा दुसऱ्या योग्य जागेवरून ओव्या गातो, समुदाय बसून ऐकतो आणि ध्रुवपदाने उत्तर देतो. कॉयरचे काम इथे फक्त ध्रुवपदाच्या वेळी समुदायाला आधार देण्याचे आहे. एका चांगल्या आवाजाच्या आणि त्याहीपेक्षा स्पष्ट उच्चाराच्या गायकाला हे काम शिकवणे हे वर्षभरात कॉयर प्रमुखाने करण्यासारखे सर्वांत मोलाचे काम आहे. सुरुवात सोपी ठेवावी: एकाच स्वरावर ओळ म्हणत जाऊन शेवटच्या दोनतीन अक्षरांवर स्वर वळवायचा. शब्दांचा स्वाभाविक जोर कुठे पडतो हे पाहून वळण घ्यायचे, चालीसाठी शब्द ओढायचे नाहीत. ध्रुवपद प्रथम गायकाने एकदा म्हणावे, मग सर्वांनी. एखाद्या रविवारी ध्रुवपदाची नवी चाल बसली नसेल, तर उपासनावर्षातील ऋतूनुसार (आगमनकाळ, नाताळ इत्यादींनुसार) ठरवून दिलेल्या सामाईक ध्रुवपदांचा वापर करण्याची सोय आहे. ती फार थोडे लोक वापरतात.

शुभवर्तमानापूर्वीचा आलेलुया हा सर्वांनी उभे राहून करायचा जयघोष आहे. मधली ओवी तेवढी कॉयरची किंवा गायकाची. तो गायचा नसेल तर गाळता येतो, असे निर्देश सांगतात. जयघोष नुसता वाचून दाखवणे त्यांनाही फारसे रुचत नसावे.

प्रवेशगीत आणि अर्पणगीत यांवर फार शब्द खर्च करत नाही. प्रवेशगीताने उपासना सुरू करावी, जमलेल्यांना एकत्र आणावे, त्या दिवसाच्या किंवा ऋतूच्या रहस्याकडे मन वळवावे आणि मिरवणुकीला साथ द्यावी. मिरवणूक वेदीपर्यंत पोहोचून धूपारती आटोपली की गाणे आटोपते घ्यावे, पाच कडवी आहेत म्हणून पाचही म्हणण्याची गरज नाही. अर्पणाच्या वेळी भाविक बसलेले असतात, दान गोळा होत असते, लक्ष विखुरलेले असते. कॉयरने एकट्याने काही गावे यासाठी ही चांगली जागा आहे.

कम्युनियनगीताला मात्र नीट विचार लागतो. धर्मगुरू स्वतः प्रभूचे शरीर स्वीकारतात तेव्हाच ते सुरू व्हायला हवे, म्हणजे सर्वांच्या एकत्र स्वीकारण्यातील ऐक्य आवाजातूनही व्यक्त होते. अनेक ठिकाणी कॉयर आधी रांगेत जातो, तोवर शांतता असते, आणि अर्धी रांग संपल्यावर गाणे सुरू होते. उलट टोकाला, कॉयर इतका वेळ गात राहतो की त्यालाच कम्युनियन मिळत नाही. गायकांनाही सहजपणे कम्युनियन घेता यावे याची काळजी घ्या, असे निर्देशांनी आवर्जून म्हटले आहे. व्यवहारात तोडगा सोपा आहे: कॉयरचे दोन गट करावेत, एक गात असताना दुसऱ्याने जावे, किंवा मध्ये एका गायकाने कडवी सांभाळावीत. गाण्याची निवड करताना लक्षात ठेवावे की या वेळी भाविक चालत असतात आणि त्यांच्या हातात पुस्तक नसते. चार ओळींची चार अनोळखी कडवी त्यांना गाता येणार नाहीत. लहान, पाठ झालेले ध्रुवपद सर्वांचे आणि कडवी कॉयरची, अशी रचना इथे सर्वांत चांगली चालते. कम्युनियन संपल्यावर थोडा वेळ शांतता ठेवावी किंवा सर्वांनी मिळून एखादे स्तुतिगीत म्हणावे. लागोपाठ तिसरे गाणे सुरू करून ती शांतता बुजवू नये.

शांततेचा विषय निघालाच आहे, तर वादकांसाठी एक गोष्ट. धर्मगुरू त्यांच्या पदाच्या प्रार्थना म्हणत असताना दुसरी प्रार्थना किंवा गायन नसावे आणि ऑर्गन व इतर वाद्ये शांत असावीत, असा नियम आहे. युखारिस्त प्रार्थनेखाली कीबोर्डवर हळू आवाजात ‘वातावरण’ तयार करण्याची सवय त्या नियमाच्या विरुद्ध जाते, आणि हे समजावून सांगितले की बहुतेक वादक लगेच ऐकतात. आजवर कुणी त्यांना सांगितलेलेच नसते.

तंत्राबद्दल चार गोष्टी सांगतो. भाविक गात नाहीत ही तक्रार जिथे ऐकू येते, तिथे पहिल्यांदा पट्टी तपासावी. सामान्य माणूस साधारणपणे मधल्या ‘सी’पासून वरच्या सप्तकातील ‘डी’पर्यंत सहज गातो, पुरुष त्याच्या खालच्या सप्तकात. सोप्रानोंना सोयीची पट्टी ही बहुधा समुदायाच्या पट्टीपेक्षा दीडदोन स्वर उंच असते. सकाळच्या पहिल्या मिस्सात गळे उघडलेले नसतात, तेव्हा आणखी अर्धा स्वर खाली आणावा. दुसरी गोष्ट ध्वनिक्षेपकाची. समुदाय गाऊ लागला की मुख्य गायकाने माइकपासून मागे व्हावे. एकच आवाज सगळ्या चर्चवर घुमत असेल तर शेजारच्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, आणि शेजारच्याचा आवाज ऐकू आला नाही तर माणूस गात नाही. तिसरी गोष्ट वादनाच्या सुरुवातीची: त्यातून पट्टी, लय आणि आत येण्याची जागा या तीनही गोष्टी निःसंदिग्ध कळायला हव्यात, आणि दोन कडव्यांच्या मधले अंतर दर वेळी सारखे असावे. नाहीतर लोक बिचकतात आणि पहिला शब्द हरवतो.

चौथी गोष्ट नव्या गाण्यांची. उत्साही कॉयर दर महिन्याला नवी गाणी आणतो आणि मग लोक गात नाहीत म्हणून हिरमुसतो. नवी चाल मिस्सा सुरू होण्यापूर्वी काही मिनिटे सर्वांना शिकवावी, तीच सलग काही रविवार ठेवावी आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरी आणू नये. कायमच्या भागांच्या चाली तर संपूर्ण ऋतूभर बदलू नयेत. ओळखीच्या गाण्यात पहिले कडवे सर्वांनी एकस्वरात, मधले चार आवाजांत आणि शेवटच्या कडव्यावर सोप्रानोंची वरची स्वतंत्र चाल, अशी मांडणी केली की समुदायही गातो आणि कॉयरच्या कौशल्यालाही वाव मिळतो.

जागेचाही परिणाम होतो. कॉयर हा जमलेल्या समुदायाचाच भाग आहे हे दिसावे, त्याला आपले काम नीट करता यावे आणि सदस्यांना मिस्सात पूर्ण सहभागी होता यावे, अशी जागा निर्देशांना अपेक्षित आहे. मागच्या माडीवरून आवाज उत्तम पसरतो. पण तिथे प्रवचनाच्या वेळी पाने चाळणारा आणि कुजबुजणारा कॉयर तयार होण्याचा धोका असतो. पुढे, लोकांकडे तोंड करून उभा राहिलेला कॉयर समुदायाला आधार देतो खरा, पण डोळे वेदीवरून त्याच्याकडे वळतात. बाजूला, समुदायाशी कोन करून उभे राहणे बहुतेक इमारतींत सोयीचे पडते. गायकांना संगीताच्या शिक्षणाबरोबर उपासनेचे आणि आध्यात्मिक शिक्षणही मिळावे अशी १९६७च्या सूचनेची अपेक्षा आहे. तालमीची पहिली दहा मिनिटे येत्या रविवारचे शुभवर्तमान आणि स्तोत्र वाचण्यात घालवली तर गाण्यांची निवड आपोआप सुधारते. वाचन क्षमेचे आणि गाणे भलत्याच विषयाचे, असे मग होत नाही.

ऋतूंची शिस्त कॉयरच्याच हाती असते. आगमनकाळात (नाताळपूर्वीच्या तयारीच्या काळात) आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) रविवारी गौरवगीत नसते, आणि प्रायश्चित्तकाळात आलेलुया तर अजिबात नसतो. प्रायश्चित्तकाळात वाद्ये फक्त गायनाला आधार देण्यापुरती वाजवायची, अपवाद चौथ्या रविवारचा आणि मोठ्या सणांचा. आगमनकाळात वाद्ये संयमाने वाजवावीत, जेणेकरून नाताळचा पूर्ण आनंद आधीच उधळला जाणार नाही. पवित्र गुरुवारी सायंकाळच्या गौरवगीतानंतर ऑर्गन थांबतो तो पास्का जागरणातील, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेतील, गौरवगीतापर्यंत. गायनाला आधार म्हणून मात्र तो वाजवता येतो. ज्या कॉयरने ही शिस्त खरोखर पाळली आहे, त्याला जागरणाच्या रात्री त्या पहिल्या आलेलुयासाठी आवाज वाढवण्याची गरज पडत नाही.

लग्नाच्या मिस्सात कुटुंबाच्या फर्माइशी येतात. निकष तोच ठेवावा: शब्द उपासनेचे आहेत का, आणि विधीच्या ज्या जागी ते मागतात तिथे त्या गाण्याचे काही काम आहे का. चित्रपटातील गाण्याला नकार देताना वाद घालण्यापेक्षा ते स्वागतसमारंभात गाऊ असे सांगणे बरे.

आता तिसरी अडचण. सुरात न गाणारी माणसे खऱ्या अर्थाने स्वरबधिर असणे हे दुर्मीळ आहे. बहुतेकांचा प्रश्न असा असतो की त्यांना स्वतःच्या आवाजाचे क्षेत्र सापडलेले नसते. टेनरच्या रांगेत बसलेला बास दरवेळी वरचा स्वर चुकवतो आणि ‘बेसूर’ ठरतो. प्रत्येकाला स्वतंत्रपणे दहा मिनिटे ऐकावे, त्याच्या सोयीच्या स्वरापासून सुरुवात करून हळूहळू वर-खाली न्यावे, योग्य रांगेत बसवावे आणि शेजारी पक्का गाणारा द्यावा. काही महिन्यांत निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतात, असा माझा अनुभव आहे. तरीही एखाद्याला जमत नसेल, तर कॉयरच्या मुख्य रचनांतून त्याला बाजूला ठेवण्यात अन्याय नाही, कारण कॉयरचे पद सेवेचे आहे आणि ज्यांची सेवा करायची त्यांचाही विचार करावा लागतो. मात्र हे एकांतात, स्पष्ट आणि मृदू शब्दांत सांगावे, आणि समुदायासोबत गाण्याचा त्याचा हक्क अबाधित आहे हेही सांगावे. स्तोत्रगायकाच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. तिथे माणूस एकटा उभा असतो आणि बायबलचे वचन त्याच्या गळ्यातून सर्वांपर्यंत जायचे असते. निष्ठा, ज्येष्ठता किंवा घराण्याचा मान हे त्या कामाचे निकष होऊ शकत नाहीत.

राहता राहिले ज्येष्ठ गायकांचे चार आवाज. त्यांना नकार देऊ नका. संगीताचा वारसा जपावा आणि जोपासावा असे १९६३च्या संविधानानेच सांगितले आहे, आणि ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान देताना बहुस्वरी संगीताला त्याने मुळीच वगळलेले नाही. येत्या धर्मग्रामाच्या सणासाठी अशी आखणी करून पाहा: प्रवेशगीत सर्वांचे, गौरवगीत आळीपाळीने, त्यातील कॉयरच्या ओळी चार आवाजांत, स्तोत्र एका गायकाचे, आलेलुया, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आणि महास्तवनावरील आमेन संपूर्ण समुदायाचे, ओळखीच्या चालीत, अर्पणाच्या वेळी ज्येष्ठांच्या आवडीची बहुस्वरी रचना, पूर्ण तयारीनिशी, कम्युनियनला सर्वांचे ध्रुवपद आणि कॉयरची कडवी. समाप्तीगीत म्हणून आपण जे गातो त्याची मिस्सा ग्रंथाने मागणीच केलेली नाही, विधी निरोपाने संपतो. त्यामुळे तिथे आपल्याला मोकळीक आहे: सर्वांचे गाणे, एकट्या कॉयरची मोठी रचना किंवा नुसते ऑर्गनवादन, यांपैकी काहीही चालेल. हा आराखडा तालमी सुरू करण्यापूर्वी धर्मगुरूंना दाखवा. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ समुदायाकडे परत आलेले पाहिल्यावर अर्पणाच्या वेळच्या त्या रचनेला ते हरकत घेतील असे मला वाटत नाही.